शकुबाई नगराळे यांचा ओव्हर

शकुबाई नगराळे यांना कळंबमध्ये कोणी शकुबाई म्हणत नाही, सिस्टर म्हणतात. त्यांना नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पण गल्लीनं त्यांना निवृत्त होऊ दिलं नाही आणि त्यांनाही तशी घाई नव्हती. एखाद्या लग्नाहून आल्यावर कसं झालं विचारावं, तर त्या सांगतात, "नवरदेव सावध. नवरी थकलेली. जेवण वेळेवर. वरण खारट, पण कोणाची तक्रार नाई." नवऱ्याच्या मृत्यूबद्दल विचारलं तरी चाल तीच. "सकाळी चहा पेले, पूर्ण कप. मंग गेले." ऐकणाऱ्याला वाटतं बाई कोरडी आहे. बाईंना वाटतं ऐकणारा फार ओला आहे.

हा सूर त्यांनी जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात कमावला. दवाखान्याचं नाव इथं देत नाही. भिंतींना बदनामीचा त्रास होत नाही, पण भिंतींना साहेब असतात. तिथं पाळी बदलताना जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला पलंगापलंगाशी नेते आणि प्रत्येक पेशंटची हकिकत सांगते. याला ओव्हर देणं म्हणतात. शकुबाईंचा ओव्हर इतका नेमका असे, की नव्या डॉक्टरांना तो मुद्दाम उभं करून ऐकवत. असं त्या स्वतः सांगतात, आणि नाकारणारं कोणी हयात नाही. एक कांताबाई आहेत. त्या पुढे येतील.

अर्पिता भोयर आमच्या चौकातल्या सेतू केंद्रात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते आणि उरलेल्या वेळात कथा लिहिते. ही दुसरी गोष्ट गावात कळल्यापासून फॉर्म भरायला आलेली माणसं तिच्यापुढे जरा जपून बोलतात. यंदा तिनं सरकारी दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या पेशंटवर कथा लिहून एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, 'तुमच्या कथेतली नर्स फारच रडते. या पेशाचा व्यावसायिक, कोरडा सूर साधला, तर पोळ्याच्या आत पुन्हा पाठवा.' अर्पिताचा आजवर कुठं एक शब्द छापून आलेला नव्हता. ती पळत सिस्टरकडे गेली.

"वाच," सिस्टर म्हणाल्या.

अर्पितानं वाचलं, "म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून आसवांचा पूर लोटला आणि सिस्टरचं काळीज विरघळून गेलं."

"थांब. कोन्या डोळ्यातून?"

"दोन्ही, मावशी."

"पूर म्हणजे किती? उशी ओली झाली का?"

"झाली असंन."

"असंन चालत नाई. झाली तं झाली लिहायचं अन् खोळ बदलायची. अन् त्या सिस्टरचं काळीज विरघळलं, मंग बाकीच्या पलंगाईले कोणं पाह्यलं?"

साहित्यातल्या बहुतेक काळजांना हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. शकुबाईंनी दिवाणावर लोड आडवा ठेवला, त्याला गळ्यापर्यंत चादर पांघरली आणि म्हणाल्या, "हा पेशंट. तुही दिवसपाळी संपली. मी रातपाळीले आली. सांग."

"मावशी, याचं लय वाईट वाटून राह्यलं..."

"कोणाले?"

"मले."

"तुले वाईट वाटून राह्यलं हे रातभर घेऊन मी काय करू? मले सांग, त्यानं पाणी पेलं का?"

पोरगी हुशार होती. आठवड्याभरात तिच्या लिखाणातले 'अरेरे' गेले, 'नियती' गेली, पहाटेचा उदास वारासुद्धा गेला. लोड काही बोलत नव्हता, तरी त्याच्याबद्दल ती आता ठामपणे बोलू लागली. मग शकुबाईंनी तिला आपल्या नोकरीतल्या दिवसांतला एक खरा पेशंट दिला. फकिरा आत्राम. मांडीचं हाड मोडलेला म्हातारा, पायाला वजन लटकवलेलं, त्यामुळे कूस बदलायची सोय नाही. मुलगा राजूरच्या कोळसा खाणीत कामाला. त्याला निरोप गेलेला आणि तो यायचा होता. मुलगा पोचण्याआधी फकिरा गेला. अर्पितानं आपल्या कथेतला म्हातारा काढून तिथं फकिराला आणून निजवलं, आणि कथा हलली.

शकुबाईही हलल्या, पण ते त्यांनी नोंदवलं नाही. त्यांच्या घरी लोक बीपी मोजायला येत. ऐकायला कोणी येत नसे. आता अर्पिता यायच्या आधीच पोह्यांच्या दोन बशा काढून ठेवलेल्या असत. भाजीवालीला त्यांनी न विचारता सांगितलं, "पोट्टी माह्या हाताखाली आहे."

मग एका संध्याकाळी अर्पितानं नवा मजकूर वाचला. "पेशंट मान मागे टाकून दाराकडे पाहायचा. दार त्याच्या डोक्याच्या बाजूला होतं. सिस्टरनं वॉर्डबॉयला हाक मारली आणि पलंग फिरवून घेतला."

शकुबाईंनी बशी खाली ठेवली.

"हे कोणं सांगतलं?"

"कांता मावशीनं. आधार लिंक कराले आलत्या सेतूवर. बोलता बोलता फकिराचं निघालं."

आता कांताबाई. कांताबाई आणि शकुबाई यवतमाळला एका वर्गात नर्सिंग शिकल्या, एकाच दवाखान्यात लागल्या, आणि वर्षानुवर्षं उलटसुलट पाळ्या करत एकमेकींना ओव्हर देत राहिल्या. निवृत्तीनंतर दोघींनी घरं बांधली ती कळंबलाच. गाव असं लहान, की इथं माणूस टाळायचा तर पुरेसे रस्ते नाहीत. तरी शकुबाई कांताबाईंच्या घरची पायरी चढल्या नव्हत्या. कारण विचारलं तर म्हणत, "कांता? वय माह्याएवढंच. बोलणं जास्त. जुनं आहे, आता बरं होणार नाई."

खरं कारण वेगळं होतं. शकुबाईंची सुई दुखत नसे, हे सर्वमान्य होतं. कांताबाईंची दुखायची. तरी इंजेक्शन घेऊन झालं, की पेशंट दंड चोळत शकुबाईंनाच विचारायचे, "बाई, कांता सिस्टर कवा येते?" नोकरीभर हा प्रश्न ऐकलेल्या माणसाला पुढे कोणतीच पेन्शन पुरत नाही.

"हे वाक्य काढ," शकुबाई म्हणाल्या.

"काहून? हेच तं सगळ्यात चांगलं आहे."

"क्लिनिकल नाई."

"यात एक बी भावना नाई, मावशी. तुम्ही शिकवलं तसंच लिहिलं."

"पलंग फिरवणं उपचारात बसत नाई. काढ म्हटलं ना."

वाक्य उत्तम होतं, हे शकुबाईंना इतर कोणाहीपेक्षा जास्त कळत होतं. असं वाक्य ओळखायला त्यांनीच शिकवलं होतं. ते दुसरीच्या घरून आलं तर काय करायचं, एवढा धडा मात्र राहून गेला होता. अर्पितानं वाक्य काढलं. शिष्य होती, शिवाय बशीत पोहे होते.

त्या जागी शकुबाईंनी आपल्याकडचा पुष्कळ माल दिला. नाडी, ताप, लघवीचं प्रमाण, पाठीला होणाऱ्या जखमा आणि त्यांची पावडर. कथा उकळून काढलेल्या ट्रेसारखी स्वच्छ झाली. पोळा तोंडावर आला. अर्पितानं ती सगळी वाचून दाखवली आणि मोबाइल पालथा ठेवला.

"सूर बरोबर आहे, मावशी. पण कथेत काई होतच नाई. म्हातारा येते, ताप मोजून घेते, मरते."

"बहुतेकाईचं तसंच असते."

"संपादक वापस पाठवतीन. अन् या वेळेस वापस आली तं मी लिहिणं सोडतो, बाप्पा. फॉर्म भरीन. फॉर्म तरी कोणी वापस नाई करत." मग ती हळूच म्हणाली, "कांता मावशीले विचारून पाहू का? अजून काई आठवलं तं..."

"नको."

हे 'नको' जरा मोठ्यानं आलं. अर्पितानं वर पाहिलं, आणि शकुबाई लोडाची चादर सारखी करू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी शकुबाई चिंतामणीच्या देवळामागून कांताबाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. कांताबाई ओसरीत अंबाडी निवडत बसल्या होत्या.

"ये व शकू. रस्ता चुकली काय?"

"बसत नाई मी," शकुबाई म्हणाल्या आणि बसल्या. "पोट्टीले पलंगाचं तू सांगतलं."

"सांगतलं. खोटं आहे का?"

"खोटं कोण म्हणते? त्याच्या पुढचं काहून नाई सांगतलं?"

कांताबाईंनी एक देठ मोडून बाजूला टाकला.

"पुढं तुही शिफ्ट होती. तुह्या शिफ्टचं मी कायले सांगू?"

नर्सांमध्ये हा कायदा आहे. आपापल्या पाळीचा ओव्हर आपण द्यायचा; दुसरीच्या पाळीत काय झालं ते डोळ्यांनी दिसत असलं, तरी तोंड तिचं. कांताबाईंनी तो निवृत्तीनंतरही पाळला होता. म्हणजे यातही पुढे त्याच.

पुढचं होतं ते असं. कांताबाईंनी पलंग फिरवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांचा राउंड होता, आणि वॉर्डची जबाबदारी शकुबाईंकडे होती. सगळे पलंग एका ओळीत आणि हा एक उलटा. शकुबाईंनी तो ओळीत घ्यायला सांगितला. फकिरा म्हणाला, "बाई, राहू द्या ना." त्या म्हणाल्या, "राउंड झाला की फिरवते." साहेब बाहेरच्या बाहेर निघून गेले, त्या वॉर्डात आलेच नाहीत. आता येतील, मग येतील म्हणून पलंग तसाच राहिला आणि दुपारी फकिरा गेला, खिडकीकडे तोंड करून. मुलगा संध्याकाळी आला. कांताबाई पाळीवर आल्या, त्यांनी ओळीत घेतलेला रिकामा पलंग पाहिला आणि काहीच विचारलं नाही. शकुबाईंकडे उत्तर तयार होतं. ते कोणी मागितलंच नाही, ही त्यांची कांताबाईंविरुद्धची सर्वांत जुनी तक्रार.

"चहा ठेवू?" कांताबाईंनी विचारलं.

"नको," म्हणून शकुबाई उठल्या.

इथं पश्चात्ताप झाला असं लिहिणं सोयीचं होतं. पण शकुबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा आपल्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "मी शिकवलं. पोहे माह्या घरचे. अन् कथेत जीव असलेलं एकच वाक्य, ते कांताचं? अन् मी कुठीच नाई?"

त्या तडक सेतू केंद्रावर गेल्या. काउंटरवर हरिसिंग राठोड आपला अंगठा मशीनवर दाबत होते, आणि मशीन त्यांना ओळखायला तयार नव्हतं.

"सिस्टर, माहा नंबर हाय," हरिसिंग म्हणाले.

"मले फॉर्म नाई भरायचा. अर्पिता, लिही."

"आत्ता?"

"मंग कवा? दिवसपाळी. पेशंट फकिरा, शुद्धीवर. पलंग दाराकडे तोंड करून. राउंडसाठी पलंग ओळीत घेतला. पेशंट म्हणाला, राहू द्या. घेतला. राउंड वॉर्डात आला नाई. दुपारी पेशंट गेला. तोंड खिडकीकडे. पोरगा संध्याकाळी आला. तवा पलंग ओळीतच होता."

अर्पिताची बोटं कीबोर्डवर थांबली होती. हरिसिंगांनी अंगठा मशीनवरून काढून घेतला.

"कोणं घेतला पलंग ओळीत?" अर्पितानं विचारलं.

"ड्युटीवरच्या सिस्टरनं."

"नाव?"

शकुबाईंनी पदर नीट केला. "शकुंतला लिही. अन् तिचं काळीज-बिळीज काई टाकू नको."

"मंग?" हरिसिंगांनी विचारलं.

"मंग काई नाई. पाळी संपली."

अर्पिता म्हणाली, "अन् कांता मावशीचं वाक्य?"

"टाक वापस. त्याच्याबिगर माहं कोणाले समजन? एकच आहे ना तिचं?"

"एकच."

"अन् माहे?"

अर्पितानं स्क्रीनकडे पाहिलं. "बरेच झाले, मावशी."

"बरं," म्हणून सिस्टर घरी गेल्या.

कथा छापून आली. संपादकांनी स्वतः फोन करून अर्पिताला सांगितलं, की शेवट वाचून आपल्याला बराच वेळ दुसरं काही वाचता आलं नाही. अंक आला त्या दुपारी कांताबाई तो काखेत घालून शकुबाईंच्या घरी आल्या. न बोलावता, आणि पहिल्यांदाच.

"वाच," त्यांनी अंक पुढे केला. "तुह्या तोंडून ऐकतो."

शकुबाईंनी शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. 'राहू द्या'पाशी त्या थांबल्या, चष्मा पुसला, आणि उरलेलं होतं त्याच आवाजात वाचून संपवलं.

कांताबाईंनी अंक परत घेतला आणि त्या पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "माहं एक वाक्य. त्यात बी नाव नाई, नुसतं 'सिस्टर'. अन् तू शकुंतला, पानभर!"

"माह्या पाळीले जास्त झालं."

"पलंग म्या फिरवला, शकू. अन् लोकं तुह्या पानावर रडून राह्यले. माह्या सुनेनं फोन केला पुण्याहून. विचारते काय, तं ती दुसरी सिस्टर आता कशी आहे!"

"काय सांगतलं?"

"सांगतलं, ठीक आहे. खाते-पिते." कांताबाईंनी अंक मिटला. "त्या दिवशी मी विचारलं असतं, तं तू सांगतलं असतं का?"

"राउंड होता म्हटलं असतं."

"मले वाटलंच."

शकुबाईंनी चिवड्याचा डबा उघडला. कांताबाईंनी मूठभर घेतला आणि चावता चावता विचारलं, "पोट्टी आता काय लिहून राह्यली? या टायमाले पहिले माह्याकडे पाठव तिले."

"अ‍ॅम्बुलन्सवर लिहून राह्यली. त्या राजदीप ड्रायव्हरकडे जाते रोज."

कांताबाईंचं चावणं थांबलं.

"त्याले काय समजते?"

"काई नाई," शकुबाई म्हणाल्या, आणि डबा दोघींच्या मध्ये ओढून घेतला.