आधी सांगा, मग पाहा

"हा दगड पाण्यात टाकला तर काय होईल?" मी पुन्हा विचारलं. समोर पाण्याने भरलेली बादली. पोरं दगडाकडे बघतच नव्हती, दाराकडे बघत होती.

जव्हार संस्थानच्या नोकरीत मी मास्तर होतो, खोडाळ्यापलीकडच्या एका पाड्यावर. लहान वर्गांना ऑब्जेक्ट लेसन द्यायचा हुकूम आला होता. म्हणजे वस्तू दाखवायची, पुढे काय होईल ते मुलांकडून आधी वदवून घ्यायचं आणि मग करून दाखवायचं. ट्रेनिंगमध्ये हे फार सोपं वाटलं होतं.

पाड्यावर पुढचं बोलायचा हक्क एकट्या भगताचा. तो सुपात तांदळाचे दाणे टाकून बघणार आणि सांगणार. दुसरं कुणी वाईट बोललं आणि तसं घडलं, तर ते बोलणाऱ्यानेच घडवलं असं धरत. त्यामुळे आया पोरांना लहानपणीच दटावत, "पुढला बोलू नको." आणि मी तेच बोला म्हणून मागे लागलेला!

शेवटी जानी नावाची चिमुरडी बोलली. "बुडंल." दगड बुडाला. मी टाळीच वाजवली. मग करवंटी काढली. ती म्हणाली, "तरंगंल. पन पानी शिरला का बुडंल." असं उत्तर मला थोरल्या वर्गातही मिळालं नव्हतं. पगाराला जव्हारला गेलो तेव्हा शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"इन्स्पेक्शनला ती मुलगी पुढे बसवा," ते म्हणाले.

उन्हाळ्यात राब जाळायचे दिवस आले. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, तो राब. जानीची आई विधवा, पाड्याच्या कारभाऱ्याकडे मजुरीला. जानी तिच्याबरोबर गेली होती. उडणारी राख बघून ती कारभाऱ्याला म्हणाली, "वारा फिरला. तुझा पेंढा पेटंल."

त्याने तिला हाकललं. थोड्याच वेळात ठिणगी पेंढ्यावर पडली. शेजारी बांधलेला त्याचा बैल जळून मेला.

भगताने दाणे पाहिले. पोर आईच्या विद्येने बोलली, आई भुताळी आहे, असा कौल निघाला. भुताळी म्हणजे चेटूक करणारी. अशा बाईचं काय करतात ते लिहायला माझा हात धजत नाही. कारभाऱ्याने त्यातल्या त्यात दया केली. सकाळी मायलेकींनी पाडा सोडायचा.

मला संताप आला. बादली उचलून मी तडक कारभाऱ्याच्या अंगणात गेलो. माणसं जमली. "सगळे म्हणा, दगड तरंगेल," मी सांगितलं. गंमत म्हणून सगळे म्हणाले. दगड बुडाला.

"बघा. नुसतं बोलून काही घडत नाही."

कारभारी शांतपणे म्हणाला, "दगडाला कान नसतात, मास्तर. आगीला असतात." तिकडे सगळ्यांनाच अरे-तुरे करतात, त्यात अपमान नसतो. "तू माणूस चांगला. पन पोरीला बोलाया तूच शिकवला ना? मंग आता मधी पडू नको."

मी बादली घेऊन परत आलो.

सकाळी त्या निघाल्या. आईच्या डोक्यावर मडकी आणि चिंध्यांचं गाठोडं. ती माझ्यासमोरून तशीच पुढे गेली. जानीने विचारलं, "मास्तर, आता आमचा काय व्हल?"

"बरं होईल," मी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं. बादलीकडे बघायची तसंच, आता खरं काय ते दिसेल म्हणून. त्या घाट उतरून कुठे गेल्या, जगल्या की नाही, मला कधीच कळलं नाही. फार वाईट वाटतं, आजही.

पुढे इन्स्पेक्शन झालं. "ती तुमची मुलगी कुठाय?" डिप्टीसाहेबांनी विचारलं.

"गाव सोडून गेली, साहेब."

त्यांनी मातीचं बोळकं टेबलाच्या काठाशी ठेवलं आणि बोटाने हळूहळू ढकलत वर्गाला विचारलं, "आता काय होईल?"

कुणी तोंड उघडलं नाही. बोळकं खाली पडून फुटलं. साहेबांनी रिपोर्टात शेरा मारला, 'मुलांना पुढचा अंदाज करता येत नाही.'

मी वाद घातला नाही. उत्तर दिल्यावर पुढे काय होतं, याचा अंदाज त्या वर्गातल्या एकूण एका पोराने अगदी बरोबर केला होता.