ओठावरचा कापूस

अनुसयाबाई लोणखेड्याच्या गुजर घरची सून. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तसं सासरच्यांनी ठरवून टाकलं की हिनं आता शेण काढावं आणि कोपऱ्यात बसावं. बाईनं शेण काढलं, पण कोपऱ्यात काही बसली नाही. सातवी पास होती. धुळ्याला जाऊन नर्सबाईचं शिक्षण घेतलं आणि चोपन्न साली तापीकाठच्या एका पेठेच्या गावी धर्मादाय दवाखान्यात कामाला लागली. सासऱ्यानं वर्षभर तिचं नाव घेतलं नाही. तिनंही काही कुणाच्या मिनतवाऱ्या केल्या नाहीत.

धुळ्याहून येताना तिनं दोन गोष्टी आणल्या. एक सर्टिफिकेट आणि दुसरा नियम. ऑपरेशनला क्लोरोफॉर्म देऊन माणसाला झोपवलं की नर्सनं त्या झोपेवर पहारा ठेवायचा. श्वास मोजायचा, नाडी मोजायची, वेळ घालून कागदावर लिहायचं. औषध द्यायचं नाही, मत द्यायचं नाही. ते डॉक्टरचं काम.

तिची एक खोड होती. घरच्या शेतातला लांब धाग्याचा कापूस ती डबीत जपून ठेवायची आणि झोपलेल्या रोग्याच्या वरच्या ओठावर, नाकाखाली, त्याचा एक तंतू चिकटवायची. श्वास चालला की तंतू हलायचा. "बाई, इथं दवाखाना आहे, कापसाचा जिनिंग कारखाना नाही," असं डॉक्टर चिडवायचे. ती हसायची आणि तंतू ठेवायचीच.

बासष्ट सालची गोष्ट. धडगावकडचा दिवाल्या पावरा ऊस तोडायला डोंगरातून खाली आला होता. कोयता पायावर बसला, जखम चिघळली, पाय मांडीपर्यंत सुजला. बायको फुलीबाईनं त्याला बैलगाडीत घालून आणलं. भर दुपारी त्याला टेबलावर घेतलं. डॉक्टरांनी तोंडावर मास्क धरून थेंब टाकले, दिवाल्या झोपला. एवढ्यात दाराशी मोटार वाजली. दवाखान्याचे ट्रस्टी रूपचंदशेठ आले होते, म्हणे छातीत धडधडतंय.

डॉक्टरांनी क्लोरोफॉर्मची बाटली अनुसयाबाईपुढे धरली. "मी आलोच. तोवर थेंब टाकत राहा."

"नाही साहेब. ते माझ्या कामात बसत नाही."

"अहो, दोन थेंबांचा प्रश्न आहे!"

"दोनच असतील तर तुम्हीच टाकून जा."

बाई हट्टीच! डॉक्टर लालबुंद झाले. बाटली त्यांनी कंपाउंडर नथ्थूच्या हातात दिली आणि बाहेर गेले. नथ्थू बिचारा गोळ्या-मिक्श्चरचा माणूस. त्याच्या हातात बाटली वाकडी होत होती. अनुसयाबाई म्हणाली, "नथ्थूभाऊ, हात आवर, जास्ती पडी ऱ्हायनं!" नथ्थू म्हणाला, "साहेब सांगी ग्यात ना, बाई!"

तिनं घड्याळ पाहिलं, मास्कच्या कडेखालून ओठ पाहिला. कापूस हलेना.

मास्क काढायचा की ठेवायचा, हे ठरवणं तिच्या हक्कात नव्हतं. ज्याच्या हक्कात होतं तो शेठच्या छातीला नळी लावून बसला होता. तिनं मास्क ओढून फेकला, दिवाल्याचा जबडा पुढं ओढला, त्याचे दोन्ही हात डोक्यावर नेऊन परत छातीवर दाबत राहिली. आणि तोंडानं हाका चालूच, "साहेब! साहेब!" चौथ्या-पाचव्या दाबाला घरघर ऐकू आली. कापूस हलला. मग डॉक्टर धावत आले आणि ऑपरेशन पुरं झालं.

दिवाल्या वाचला, पायही वाचला. संध्याकाळी डॉक्टरांनी नवा कोरा कागद पुढं केला. "जुना फाडा. मी पूर्ण वेळ हजर होतो, असं लिहा. नाहीतर तुमचं सर्टिफिकेट राहणार नाही." करून सवरून नामानिराळं राहायची ही तऱ्हा!

नोकरी गेली तर लोणखेड्याचं शेण वाट पाहत होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भीती वाटली, खूप वाटली. तरी संतापानं कचेरीची मराठी सुटली आणि घरची भाषा तोंडात आली. "मन्हं काम देखानं आनि लिखानं. जे देखं ते लिखं. आते बदलानं म्हंजे मत देनं, साहेब, आनि त्यानी माले बंदी शे."

महिनाअखेरीला नेमाप्रमाणे सगळे कागद धुळ्याच्या आरोग्य कचेरीत गेले. त्यात तोही गेला. पंधरा दिवसांनी तिथले मोठे साहेब तपासणीला आले. डॉक्टर, नथ्थू, रूपचंदशेठ, सगळे खुर्च्यांवर, अनुसयाबाई उभी. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, चूक कुणाची?"

"वाटणं माझ्या कामात नाही. लिहिलंय ते वाचा."

साहेब मोठ्यानं वाचू लागले. दोन वाजून दहा मिनिटं, डॉक्टर बाहेर गेले. दोन बारा, बाटली कंपाउंडरकडे, थेंब जास्त. दोन चौदा, श्वास बंद. शेवटच्या ओळीपाशी त्यांचा आवाज हळू झाला. 'मास्क मी काढला. तो अधिकार मला नव्हता.'

"हे कशाला लिहिलंत? तुमच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं."

"मी केलं ते पण मी देखंच ना, साहेब."

डॉक्टर महिन्याभरात गाव सोडून गेले. अनुसयाबाईची नोकरी राहिली, पण नियम तो नियम, तिलाही ताकीद मिळाली, टाइप केलेली, शिक्क्यासकट. बाईनं ती काचेच्या चौकटीत घातली आणि सर्टिफिकेटच्या शेजारी खिळा ठोकून टांगली.

नव्या डॉक्टरांना ते खटकलं. "बाई, ताकीद कुणी भिंतीवर लावतं का? उतरवा ती."

अनुसयाबाई डबीत कापूस भरत होती. मान वर न करता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, साहेब. परत तशी येळ उनी, तर मी परत मास्क ओढसू. आनि परत लिखसू."