मेलेल्या थिअरीचे पोहे

सदर बाजारातून जाताना पोह्यांवरच्या तर्रीचा, त्या लाल रश्शाचा, तिखट वास आला की मला आमची मेलेली थिअरी आठवते. गुरुत्वाकर्षणाचे नियम थोडे बदलले, तर विश्वाच्या पसरण्याला वेग का चढतोय ते उमगेल, असं माझ्या गाइड मॅडमचं कित्येक वर्षांचं म्हणणं होतं आणि त्यावरच माझी पीएचडी चालली होती. आमच्या गणितात गुरुत्वलहरी प्रकाशापेक्षा जराशा हळू धावायच्या. मग फार दूर कुठेतरी दोन तारे एकमेकांवर आदळले आणि त्यांची लहर नि त्यांचा प्रकाश जवळजवळ सोबतच पृथ्वीवर पोचले. बातमी वाचून रडवेली होऊन मी मॅडमच्या घरी गेले, तर त्या चपला घालून दारातच उभ्या. त्यांनी मला थेट पोह्यांच्या ठेल्यावर नेलं. "काहून रडून राहिली वं? आपण आभाळाले विचारलं, त्यानं उत्तर दिलं. सारा जन्म विचारूनही मिळत नाही कोणाले," असं म्हणत त्यांनी माझ्या पोह्यांवर स्वतः तर्री ओतली, मग आपल्या. दोघींचे डोळे वाहत होते आणि दोष द्यायला तर्री होतीच. पोहे मात्र फार चांगले लागले. आज सकाळी माझी विद्यार्थिनी तोंड पाडून दारात आली. तिचं गणित निरीक्षणाशी जुळत नव्हतं. मी चपला घातल्या.