फाशीतून उठलेला माणूस आणि माझा व्याही

माझ्या पोरीची सोयरीक एका पिक्चरपायी मोडायला आली होती. आता सांगितलं की लोक हसतात. हसा. तवा माझ्या घरात कुणी हसत नव्हतं.

मी दुसरी यत्ता शिकलेला माणूस. बापजाद्यापासून मेंढरं. पडेगावच्या माळावर चारायची, पाऊसकाळात घाटाकडं न्यायची, एवढंच येत होतं. मग कंपन्या आल्या. रानाला तारा पडल्या, मेंढरं थोडी उरली, ती कारभारीण बघायची आणि मी एका कंपनीच्या गेटावर खाकी घालून उभा राहायचो. साहेबाची गाडी आली की सलाम ठोकायचा. मी ठोकायचो, पण मान वाकवायचो नाही. मान आपली असती.

ह्या मानेपायीच पोरीच्या दोन सोयरिकी परत गेल्या होत्या. पहिले पाव्हणे माझ्या घोंगडीवर चपला घालून बसले, त्यांना मी उठवलं. दुसऱ्यांनी पोरीला चालून दाखव म्हणलं. मी म्हणलं, आधी तुमचा पोरगा पळून दाखवा. ते चहा न घेता गेले. तिसरं स्थळ पैठणचं आलं तवा कारभारणीनं चुलीपुढं बसूनच सांगितलं, "अवो, ही मोडली तर मी पोरीला घेऊन माहेरी जाईन. तुम्ही बसा तुमची घोंगडी झाडत."

पोरगा चिकलठाण्याला कंपनीत लागलेला. त्याचा बाप धरणाच्या खात्यात चौकीदार. माणूस आमच्यातलाच, मेंढराच्या वासातच वाढलेला, पण सरकारी शिक्का बसल्यापासून त्याला सगळ्या गोष्टीत नियम दिसायचा. सुपारी फोडायच्या आदल्या दिवशीच तो येष्टीनं आला. जेवला, पाय पसरले आणि म्हणला, "पाव्हणं, औरंगाबादला तो फाशीचा पिक्चर लागलाय म्हणं. आमच्याकडं येईस्तोवर रिळं पार झिजून येतात."

मला पिक्चरचा राग. पैसे देऊन अंधारात बसायचं, हे शहाण्याचं काम नाही. पण कारभारणीनं दारातून डोळे वटारले. गेलो.

पडद्यावर एक खुनी होता. चार खून केलेले, दाढी वाढलेली, कुणाकडं बघितलं की वाजंत्री वाजायची. जजानं पेनाचं टोक मोडलं. पुढं जेल, फासाचा दोर, काळी टोपी. मी म्हणलं, हा दोर नीट वळलेला नाही. व्याही म्हणला, "श्श." जेलरानं रुमाल हलवला, खटका ओढला, खालची फळी उघडली. डाक्टरनं मनगट धरलं आणि मान हलवली. संपला. मला वाटलं, आता घरी जायचं. तर मुडदेखान्यात पांढऱ्या चादरीखाली त्याच्या पायाचा अंगठा हलला. अख्खं थेटर शिट्ट्या मारायला लागलं. व्याही खुर्चीतून उठून उभाच राहिला, मागून लोक ओरडले, "ओ चाचा, बैठो ना!" तो खुनी उठला, डाक्टरचा पांढरा कोट अंगात घातला आणि गेटावरच्या शिपायाचा सलाम घेत बाहेर निघून गेला. मी स्वतः गेटावरचा माणूस. मला ते अजिबात पटलं नाही. अंगाला मुडदेखान्याचा वास येत असंल का नाही?

तेवढ्यात इंटरवल झाली आणि बाहेर शटर धाडधाड पडायला लागले. थेटरचा म्यानेजर हात जोडत आला. मोर्चा निघालाय, चौकात दगडफेक झाली, खेळ बंद. अर्धं तिकीट जपून ठेवा, पुन्हा कधीतरी दाखवू.

ते दिवसच तसे होते. विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटलेला. आज हे बंद, उद्या ते बंद. गेटावर माझ्या जोडीला जो होता तो बौद्धवाड्यातला. माझी भाकरी त्याच्या डब्यात, त्याचं कोरड्यास माझ्या डब्यात. त्याच्या सासरवाडीला घरं जाळली तवा तो आठ दिवस कामावर आला नाही. आल्यावर मला म्हणला, "पाटी बदला म्हणलं, तर आमचं छप्पर काढलं." ज्या माणसानं एवढ्यांना शिका म्हणून सांगितलं, त्याचं नाव शाळेला नको आणि त्यापायी गरिबाचं घर जाळायचं, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात मला माहीत नाही. मी दुसरीतच सुटलो ते बरं झालं.

बस नाही, रिक्षा नाही. छावणीतनं पडेगावाकडं पायी निघालो. मी सहज म्हणलं, "पुढं काय झालं असंल त्याचं?"

"व्हायचं काय?" व्याही म्हणला. "धरतील आन पुन्हा लटकवतील."

"पुन्हा कसं? एकदा दिली की फाशी."

"पण मेला का?"

"डाक्टरनं सांगितलं मेला म्हणून. कागदावर मेला."

"फाशी काय कागदाला देतात व्हय, पाव्हणं? मरेपर्यंत म्हणजे मरेपर्यंत. न्हाई मेला, तर काम अर्धवट राह्यलं."

"देवापुढं नेलेलं बकरं सुटलं तर आपण पुन्हा धरतो का? सोडून देतो. ते देवाचं झालं."

"बकऱ्यानं चार खून केले होते का?"

मला असा संताप आला! म्हणलं, "एकदा केलं ते केलं. तुमच्या सरकारला हेच कळत न्हाई. विद्यापीठाच्या नावाला एकदा हो म्हणले, मग लटकवून ठेवलं. म्हणून तर आज आपण उन्हात पायी चाललोय."

"माझं सरकार कसं? मी काय मंत्री हाय?" व्याही रस्त्यातच थांबला. "आन हळू बोला."

हळू कोण बोलतंय? पुढच्या नाक्यावर पोलिसानं काठी आडवी घातली. आम्ही दोघं लांबून फाशी-फाशी, लटकवा-सोडा करत येताना त्यानं ऐकलं होतं.

"किसकू लटका रे, चाचा?"

व्याह्याला तेच पाहिजे होतं. "हवालदारसाहेब, तुम्हीच सांगा. एक माणूस फासावर चढला आन मेला न्हाई, तर त्याला—"

"घरकू जाव," पोलीस म्हणला. "नै तो दोनों कू यहींच बिठाता."

घरी आलो. व्याही जेवला, पण पाठ माझ्याकडं करून. कारभारणीनं मला विचारलं, काय केलं? मी म्हणलं, पिक्चर दाखवला.

सकाळी सुपारी. सोयरीक जमली तर बकरं देईन असा रानातल्या देवाला मी नवस बोललो होतो. आमच्यात बकरं तसंच कापत नाहीत. त्याला हळद-कुंकू लावायचं, अंगावर पाणी टाकायचं आणि थांबायचं. बकऱ्यानं अंग थरथरवलं की देवानं घेतलं. तीनदा पाणी टाकायचं. तिसऱ्यांदाही थरथरलं नाही तर देवाला ते नको आहे, मग त्याला सोडायचं, जन्मभर कुणी हात लावायचा नाही. माझ्या बापाचं हेच, त्याच्या बापाचं हेच.

भावकी जमली. नवरा पोरगा रातपाळी करून सायकलीवर आला, डोळे तांबडे. मी पहिलं पाणी टाकलं. बकरं माझ्याकडं बघत राहिलं. दुसरं टाकलं. त्यानं पाला ओढला. तिसरं टाकलं. बकऱ्यानं डोळे मिटून घेतले, जसं काही कुणी पाठ चोळतंय.

मी दोर सोडला.

"हे काय करताय?" व्याही पुढं आला. "अजून टाका."

"तीनदा झालं."

"उन्हाळा हाय, पाव्हणं! गार पाण्यानं ते सुखावलंय. थरथरंल कशाला? थरथरंपर्यंत टाकायचं."

"तुम्हाला सगळंच मरेपर्यंत पाह्यजे का?"

भावकीतल्या म्हाताऱ्यांना कालचं काही माहीत नव्हतं, ते नुसते तोंडाकडं बघत राहिले. बकरं आपलं तुरुतुरु चालत मेंढरांत शिरलं. आतून कारभारीण म्हणली, "मी पाटाभर मसाला वाटलाय, तो कुणाच्या डोक्यावर थापू?"

"वरण-भात कर," मी म्हणलं. "शिरा कर."

व्याह्यानं टोपी झटकली. "सुपारीला वरण? नवस बोलायचा आन बकरं सोडायचं? पैठणला जाऊन मी काय सांगू? ज्या घरात देवानंच न्हाई म्हणलं तिथली पोरगी आणली?" पिशवी उचलली आणि तरातरा रस्त्याला गेला, येष्टीच्या थांब्यावर. भावकी हळूहळू उठायला लागली.

मी घोंगडीवर बसून राहिलो. देवानं बकरं नाकारलं होतं, पोरगी नव्हे. एवढं ज्याला कळत नाही त्याच्या मागं मी जाणार? मान आपली असती.

पोरगी दारात आली. "बा, ते उन्हात बसलेत."

"बसू दे. बस येईल."

"बसा बंद हायत."

"मग चालत जाईल."

"पैठणला?"

पहिल्या दोन सोयरिकींच्या वेळी ती आतच बसून होती, एक अक्षर बोलली नव्हती. आता चौकट धरून उभी राहिली आणि म्हणली, "बा, मला हेच घर पाह्यजे." एवढंच. आणि आत गेली. मला कुणी गेटावर धक्काबुक्की केली असती तर मी उभा राहिलो असतो. ह्याला काय करायचं ते मला येत नव्हतं. उठावं म्हणलं तर गुडघे तयार, मान तयार नाही.

तो पोरगा तेवढ्यात शेजारी येऊन उकिडवा बसला. चपला लांब काढून आला, हे मी बघितलं. "मामा," हळूच म्हणला, "मी तो पिक्चर पाह्यलाय. आख्खा."

"मग?"

"सुटतो तो शेवटी. जज म्हणतो, एकदा दिलेली शिक्षा पुन्हा देता येत न्हाई. तुम्ही म्हणता तसंच."

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. म्हणलं, जा, तुझ्या बापाला सांग. त्याला म्हणावं, मी राग धरला नाही. तो सायकलीवर टांग मारून गेला. थोड्या वेळानं बघतो तर व्याही सायकल धरून चालत येतोय आणि पोरगा मागं पिशवी घेऊन. व्याह्याचा चेहरा असा खुललेला, जणू सरकारनं बढती दिली.

मी घोंगडीवर सरकून जागा केली. या म्हणलो नाही, नुसता सरकलो. तो बसला. भावकी पुन्हा टेकली. पत्रावळी मांडल्या, वरणाचा वास सुटला. मी म्हणलं, झालं गेलं जाऊ द्या. मोठेपणानं म्हणलं, "माझं खरं निघालं म्हणून मी काही नाचणार न्हाई."

"तुमचं?" व्याही म्हणला. "अवो, मीच ते म्हणणार होतो. माझं खरं निघालं तरी मी मागं आलो का न्हाई?"

"तुमचं कसं खरं?"

"पुन्हा फासावर जातो की तो. दुसऱ्या दोरानं. पोरानं पाह्यलाय आख्खा."

आम्ही दोघांनी एकदमच पोराकडं बघितलं. तो शिरा खात होता. घास तोंडातच थांबला.

"काय रं?" व्याही म्हणला.

"काय रं?" मी म्हणलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच आमचं एकमत झालं होतं.

"खरं काय ते बोल. सुटतो का मरतो?"

पोरानं घास गिळला, पाणी प्याला. मग दोघांच्या मधोमध बघत म्हणला, "आधी सुपारी फोडा. मग सांगतो."

भावकीतल्या म्हाताऱ्यांनी मांड्या थोपटल्या. आत बायका फिदीफिदी हसल्या, त्यात माझ्या पोरीचा आवाज मी ओळखला. मी ताडकन म्हणणार होतो, असला लबाड जावई मला नको. पण मग हा शेवट सांगणार कोण? व्याह्याच्या मनातही तेच असावं, कारण त्यानं सुपारी स्वतः पुढं सरकवली. मी अडकित्ता घेतला. भावकीतल्या पंचांना साक्षी राहा म्हणलं, कुंकू लागलं, सुपारी फुटली, तुकडे वाटले.

"बोल आता."

"मला कुठं सुट्टी मिळती, मामा? थेटराबाहेरचं पोस्टर पाह्यलंय नुसतं."

व्याही माझ्याकडं वळला. "पोरगा तुमच्यावर गेलाय," तो म्हणला.

"माझ्यावर कसा जाईल? तुमचा हाय तो."

"आता तुमचा," तो म्हणला आणि पत्रावळीत वरण वाढून घेतलं.