राखणदाराचा वाटा

बाय गो, समोर असतीस तर म्हटलं असतं, अशी जवळ ये. उंबऱ्यापाशी काय पाहुण्यासारखी बसलीस? पण तू लांब, म्हणून पत्रातच ऐक, तुझ्यावर रागावलेय मी. गेल्या खेपेला जावईबापूंनी स्कॉच की काय ती बाटली आणली आणि मी ओटीवर आले तशी तुम्ही दोघांनी ती उशीखाली सारलीत. अगो, आमचं घर माडी काढणाऱ्यांचं. माझा आजा माडावर चढायचा, काका चढायचा. दारूच्या वासाला मी घाबरेन होय? माझा चेहरा उतरला तो वेगळ्या कारणानं. ते कारण सांगायचं राहून गेलं, म्हणून आता लिहायला बसलेय.

माझे वडील माडावर रमले नाहीत. ते मुंबईला जाऊन गोऱ्यांच्या आगबोटीवर खलाशी झाले. रत्नागिरीला मोटारी नुकत्या दिसायला लागल्या होत्या, त्या सुमाराची गोष्ट. मी परकर नेसायची. एकदा बोट विलायतेला दुरुस्तीत अडकली. बोटीवरचा इंजिनवाला साहेब स्कॉटलंडचा. गावी जाताना त्यानं वडिलांना सामान उचलायला बरोबर नेलं, आणि त्याच्या गावात निघाला दारूचा कारखाना.

घरी आल्यावर वडील ओटीवर बसून सांगायचे आणि आम्ही सगळे तोंड उघडून ऐकायचो. तिकडे सातूसारखं धान्य भिजवतात. मोड आले की फरशीवर पसरून, आपण भात उलथतो तसं लाकडी फावड्यांनी उलथतात. मग दलदलीतली माती कापून, वाळवून जाळतात आणि त्या धुरावर ते धान्य सुकवतात.

"माती जळते?" आजा म्हणाला. "थापा मार मेल्या!"

"आबा, डोळ्यांनी बघितली. आपल्या गोवऱ्यांसारखी रचून ठेवतात."

नंतर ते दळून, आंबवून, तांब्याच्या हंड्यांत चढवतात. हंड्यांची मान बगळ्यासारखी लांब. वाफेची धार झाली की लाकडी पिंपांत भरून अंधाऱ्या कोठीत वर्षानुवर्षं ठेवतात. हे काही आमच्या घरात कुणाला पटेना. आमची माडी सकाळी गोड, संध्याकाळी आंबट, दुसऱ्या दिवशी शिर्का. ठेवल्यानं दारू चांगली होते, हे आजाला मातीच्या जळण्याहून खोटं वाटलं.

"पिंप श्वास घेतं," वडील म्हणाले. "उघडलं की थोडी कमीच भरते. तिथले लोक म्हणतात, तेवढी देवाच्या दूतांनी घेतली."

आई आतून म्हणाली, "म्हंजे त्यांच्यात पण राखणदार हाय तर!"

"हाय म्हण," वडील हसले.

आमच्या माडांच्या टोकाला राखणदाराचा धोंडा होता. हंगामाची पहिली माडी त्याची. तो आपला वाटा घेतो आणि माडावर चढलेल्या माणसाला सांभाळतो, असा आमचा भरवसा.

साहेबानं दिलेली एक बाटली वडिलांनी आणली होती. त्यांनी आधी वास घेतला, मग विहिरीचं थोडं पाणी घालून घोट घोट प्यायले, डोळे मिटून. आजानं एकदम गिळली आणि ठसकला. "चुलीतला धूर पाजतोस काय रे बापाला?" म्हणाला, आणि पेला पुन्हा पुढं केला. उरलेली वडिलांनी आईच्या हाती दिली. "मी आलो की संपवू. ही खराब व्हायची नाय."

ते गेले, ते गेलेच. बोट कुठल्याच बंदराला लागली नाही. मुंबईहून आलेल्या एका खलाशानं ओटीवर उभ्याउभ्याच सांगितलं आणि पाणीही न पिता निघून गेला.

आई रडली नाही. तिनं ती बाटली काढली, बूच उपटलं आणि तोंडाला फडकं बांधलं. माडीच्या मडक्याला कुणी बूच मारत नाही, मडकं फुटतं. तिला तेवढंच ठाऊक. शिवाय पिंप श्वास घेतं म्हणाले होते ना! बाटली भिंतीतल्या देवळीत ठेवली. काही दिवसांनी बघते तर दारू बोटभर खाली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. "घेतोय," ती म्हणाली. "राखणदार घेतोय. म्हणजे तिकडे सांभाळतोय."

त्यानंतर ती रोज पदरानं बाटली पुसायची आणि उजेडाला धरायची. पावसाळ्यात दारू हलायचीच नाही, तेव्हा आई जेवायची नाही. चैत्रात भराभर उतरायची, तेव्हा आम्हाला गोडाचं मिळायचं.

काका तिला समजवायला यायचा. "वयनी, किती दिस कुंकू लावणार? लोक बोलतात. ती दारू वाऱ्यानं उडतेय गो."

"भावजी, तुमची माडी बरी कधी उडत नाय? ती आपली आंबतच बसते."

काका कोयती उचलून माडाकडे चालू लागला. या माडीवाल्याला तरी दुसरं काय ठाऊक होतं!

पण बाटली ती बाटलीच. एका वैशाखात तळाला नुसता तपकिरी डाग उरला. आई ती हातात धरून बराच वेळ मागीलदारी उभी होती. काकानं बघितलं आणि हातातली कोयती टाकून धावत आला. तो, जो इतके दिवस कुंकू पुसायला सांगत होता, तोच म्हणाला, "वयनी, मी आणतो. कलेक्टरच्या बंगल्यावरचा खानसामा वळखीचा हाय माझ्या. आणून ओततो, थांब तू."

"नको भावजी," आई म्हणाली. "त्यानं त्याचा वाटा घेतला, सगळा घेतला. आता त्याच्याकडं आणखी राखण कुठच्या तोंडानं मागू?"

तिनं बाटली राखणदाराच्या धोंड्यापाशी ठेवली, विहिरीवर जाऊन कपाळ धुतलं आणि काकाला म्हणाली, "भटजींना सांगा." काका तिथंच पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि तिच्या कपाळावरून पाणी निथळत होतं.

तर बाय, असं आहे. तुमच्या बाटलीवर माझा राग नाही. तुम्ही खुशाल प्या, पण हसतखेळत प्या आणि बूच नीट लावा. आईसारखी वाट बघायची ताकद माझ्यात नाही गो. दुपारी ओटीवर बसले की डोळे आपसूक वाटेकडे जातात. तेव्हा आंबे उतरायच्या आधीच ये. दोघंही या, आणि लवकर या.