फळ्यावर न लागलेला पाणचिरा

पोरबंदरच्या धक्क्यावर गाठियांची पुडी उघडू नये, एवढं तरी मला कळायला हवं होतं. शाळेत चित्रकला शिकवायला म्हणून या गावात आलो आणि इथंच माझे केस पिकले. इथले धर्मशील लोक सकाळी सकाळी धक्क्यावर येऊन कुरवांना गाठिये घालतात. पुण्य लोकांना मिळतं, सवय कुरवांना लागते. थंडीच्या सुरुवातीला कुठल्या कुठल्या बर्फाच्या मुलखातून हे पक्षी येतात आणि आठवड्याभरात असे पक्के काठियावाडी होतात, की समोर मासळीची टोपली सांडली तरी मान वळवत नाहीत, पण लांब कुठे पुडीचा कागद चुरचुरला की अख्खं बंदर डोक्यावर येतं.

पण भूक लागली होती. पौषातली सकाळ. खाडीवरचा वारा मफलरमधून वाट काढून नेमका कानात शिरत होता आणि प्राणभाई एकाच जागी दुर्बीण लावून कधीचे उभे होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी खिशातली पुडी हळूच सोडली आणि तळलेली मिरची कुठल्या कोपऱ्यात गेली ते चाचपू लागलो. तेवढ्यात प्राणभाई ओठ न हलवता म्हणाले, “गोगटेभाई. डावीकडे, पाण्यालगत. बर्फाच्या कारखान्याकडून येतोय. सावकाश बघा.”

सावकाश मला आयुष्यात कधी काही जमलेलं नाही. हात दोन आणि सांभाळायच्या वस्तू तीन, पुडी, मिरची आणि दुर्बीण. दुर्बीण उचलली, पुडी सुटली, गाठिये धक्क्यावर पसरले. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण मला पांढऱ्याशिवाय काही दिसतच नव्हतं. होड्यांच्या डोलकाठ्यांवरून, कारखान्याच्या पत्र्यांवरून, वाळूच्या पट्ट्यावरून, जिथून म्हणून कुरव उठू शकतो तिथून तो उठला आणि माझ्याकडे आला. एक तर माझ्या टोपीवरच उतरला आणि तिथून बाकीच्यांवर ओरडू लागला.

गाठिये संपले, ढग पांगला. खाडीच्या पाण्यावर एक सरळ बारीक रेघ राहिली होती. आत येणाऱ्या एका होडीनं तीही पुसली.

“पाहिलात?” प्राणभाईंनी विचारलं.

“काय?”

“पाणचिरा.”

मी नाही म्हणून मान हलवली, तेव्हा टोपीवरचा कुरव उडाला. प्राणभाईंनी दुर्बिणीच्या काचांवर एकेक झाकण बसवलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्या पक्ष्यासाठी हा माणूस किती हिवाळे इथं उभा राहिला आहे, हे मला ठाऊक होतं. आणि का, तेही.

प्राणजीवन थानकी घड्याळं दुरुस्त करतात. दुकानावर ‘थानकी वॉच कंपनी’ असा भारदस्त बोर्ड आहे, पण कंपनीचे मालक, कारागीर आणि झाडू मारणारा हे तिघेही एकाच स्टुलावर बसतात. आठवडाभर एका डोळ्याला भिंग आणि दुसरा डोळा मिटलेला. दोन्ही डोळे उघडायचा वार म्हणजे रविवार. आता मनगटावर घड्याळ बांधणारे कमी झाले. जे आहेत ते सेल बदलायला येतात. सेल बदलून झाला तरी प्राणभाई घड्याळ लगेच हातात देत नाहीत. “राहू दे रात्रभर. बरोबर चालतं का बघू, मग न्या.”

“अरे बापा, सेल नवा आहे!”

“सेल नवा आहे. घड्याळ तेच आहे ना?”

असा माणूस पक्ष्यांच्या मागे लागला की काय होणार? आमचं रविवारचं एक मंडळ होतं. त्याला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती, फक्त एक फळा होता. तो रामदेभाईच्या कावा विकायच्या गाडीला टांगलेला असे. बंदराची फेरी संपली की सगळे तिथं सुंठ-मिऱ्याचा गरम कावा पीत आणि त्या दिवशी दिसलेले पक्षी प्राणभाई खडूनं लिहीत. अक्षर त्यांचं, खडू त्यांचा आणि नियमही त्यांचा. दोन जोड्या डोळ्यांनी पाहिला तरच पक्षी फळ्यावर लागायचा.

खरं तर हा नियम दातांचे डॉक्टर वसावडा यांच्यासाठी झाला. वसावडांना दर रविवारी काही ना काही अद्भुत दिसायचंच. एकदा त्यांनी समोरच्या काठावर पांढरा करकोचा जाहीर केला. आम्ही श्वास रोखून तो बघितला, त्याची ऐट वाखाणली. होडी करून जवळ गेलो, तर खांबाला अडकलेलं मिठाचं रिकामं पोतं. वसावडा शांतपणे म्हणाले, “पण बसला होता कसा!” त्या दिवसापासून दोन जोड्या डोळे.

नियम झाला वसावडांसाठी आणि लागला जसुभाभींना.

जसवंतीबेन म्हणजे प्राणभाईंची बायको, आम्हा सगळ्यांच्या जसुभाभी. त्या काळात नवऱ्याबरोबर पहाटे बंदरावर जाणारी बाई म्हणजे गल्लीला बोलायला विषयच. “थानकीची बायको बगळे मोजायला जाते” असं शेजारणी म्हणत. भाभींच्या कानावर ते गेलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग काय करू? घरात एकच आहे. त्याला किती वेळा मोजू?”

नियम त्यांना लागला त्या सकाळी प्राणभाई वाळूच्या पट्ट्यावरचे तुतवार मोजत होते. एवढेसे, मातकट, एकासारखा दुसरा आणि क्षणभर जागेवर न थांबणारे पक्षी. मोजताना मध्ये कोणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी आणि वसावडा काव्याच्या ओढीनं पुढे निघून गेलो होतो. भाभी धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांनी हाक मारली, “ऐकता का! इकडे बघा, लवकर!” प्राणभाईंनी दुर्बिणीतून डोळा न काढता डावा हात वर केला. थांब. भाभींनी पुन्हा हाक मारली. हात वरच. हे सगळं मला नंतर भाभींनीच करून दाखवलं, रहदारीच्या पोलिसासारखा हात धरून. तुतवार मोजून झाले आणि प्राणभाई वळले, तेव्हा खाडीत पाण्याशिवाय काही नव्हतं.

गाडीपाशी आल्या त्या भाभी जवळजवळ धावतच. “लिहा. पाणचिरा!” एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर त्यांच्या मुलीच्या लग्नातसुद्धा पाहिला नाही. लाल चोच, वरच्यापेक्षा खालची लांब, ती पाण्यात बुडवून असा सरळ गेला म्हणाल्या, की कापडवाला कात्री अर्धी उघडून नुसती पुढे सोडतो ना, तसा.

प्राणभाई खडू धरून उभे. “आणखी कोणी पाहिला?”

“मी हाका मारत होते की.”

“ते खरं. पण पाहिला कोणी?”

वसावडा म्हणाले, “अरे लिहा ना, प्राणभाई. बेन कशाला खोटं सांगतील?”

“खोटं कोण म्हणतंय? नियम आहे.”

रामदेभाईनं घाईघाईनं भाभींपुढे काव्याचा पेला केला. त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग गळ्यातली दुर्बीण काढली आणि प्राणभाईंच्या गळ्यात, त्यांच्या दुर्बिणीवरच, अडकवली. “घ्या. आता तुमच्या एकट्याकडेच दोन जोड्या झाल्या.” आणि घरी गेल्या.

पुन्हा बंदरावर आल्या नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. थंडी पडली की उडदाचे अडदिये करतात, आम्हाला बोलावून खाऊ घालतात. रविवारी नवऱ्याचा मफलर स्वतः काढून ठेवतात. पण चल म्हटलं की, “मी पाहिलेलं तुम्ही धरत नाही. मग घरात बसून काहीच न पाहिलेलं काय वाईट?” हसून म्हणतात.

तेव्हापासून प्राणभाईंचं एकच चाललं आहे. “एकदा पाणचिरा फळ्यावर लागू द्या, गोगटेभाई. मोठ्या अक्षरात लिहीन. मग तिला आणतो, फळ्यासमोर बसवतो, कावा पाजतो. बस.” पण पाणचिरा काही आला नाही. दरम्यान भाभींना काचबिंदू झाला. आता त्यांना बांगडीतून बघावं तेवढंच जग दिसतं, आणि बांगडीही लहान होत चालली आहे. वसावडा गेले. बाकीचे मुलांकडे राजकोटला, सुरतेला राहायला गेले. मंडळात उरलो प्राणभाई आणि मी. म्हणजे गावात डोळ्यांची दुसरी जोडी उरली ती माझी, आणि तिच्या मालकाला गाठिये आवडतात.

तर गाठिये सांडले त्या सकाळी प्राणभाई गाडीपाशी न थांबता सरळ घराकडे चालू लागले. मीही टोपी पुसत मागोमाग.

भाभी ओट्यावर उन्हात बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या. “आज पाय लवकर वाजले,” त्या म्हणाल्या. “मागचे गोगटेभाई ना? या. चाल अशी का? काही सांडून आलात का कुठं?”

प्राणभाई पायरीवर टेकले. “दिसला,” म्हणाले.

कोण, ते त्या घरात सांगावं लागत नाही. भाभींचा हात शेंगेवरच थांबला.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मीही पाहिला, भाभी! अगदी स्पष्ट! लाल चोच, खालची लांब...”

“यांनी नाही पाहिला,” प्राणभाई म्हणाले. “यांच्या टोपीवर कुरव बसला होता.”

भाभी अशा हसल्या की मांडीवरच्या शेंगा खाली गेल्या. मी गोळा करू लागलो. तेवढंच तोंड लपवायला काम.

“यांना हाक मारली होती?” भाभींनी विचारलं.

“मारली.”

“मग हे काय करत होते?”

“गाठिये खात होते.”

“खाणाऱ्याचं मी समजू शकते,” भाभी म्हणाल्या.

प्राणभाई पायरीवरचा चुना नखानं खरवडत बसले. भाभींनीच विचारलं, “कुठून आला?”

“बर्फाच्या कारखान्याकडून.”

“आणि दीपस्तंभाच्या अंगाला वळला?”

“वळला. पंख पाण्याला टेकतो की काय असा.”

“डावा.”

“डावा,” प्राणभाई म्हणाले.

मी शेंगा धरून तसाच बसलो होतो. त्या दोघांना मी तिथं आहे याची आठवण असावी असं वाटलं नाही.

“पण नियमानं नाहीच झाला म्हणायचा,” भाभी म्हणाल्या. टोचून नाही. शेंगेत दाणा निघाला नाही, एवढंच सांगावं तशा.

“चल ना आज,” प्राणभाई म्हणाले. “ऊन आहे. रिक्षा करू.”

“येऊन काय करू?”

“कावा पी.”

“फळ्यावर लागला की बोलवा. येईन.”

आम्ही दोघेच निघालो. रामदेभाईनं लांबूनच आवाज दिला, “काय बापा, आज उशीर? मला वाटलं, पक्ष्यांनीच तुम्हाला मोजायला ठेवून घेतलं!” कोणी हसलं नाही म्हणून त्यानं गुपचूप पेले भरले. प्राणभाईंनी फळा पुसला आणि लिहू लागले. कुरव. सुरय. तुतवार. रोहित. मग हात थांबला. खाली भरपूर जागा होती. मोठ्या अक्षरात लिहायला पुरेल एवढी.

मला राहवलं नाही. “प्राणभाई, एक जोडी भाभींची, एक तुमची. झाल्या की दोन! जागा तीच, वाट तीच, पंखसुद्धा तोच. दोघांनी एकाच दिवशी बघावा असं तुमच्या नियमात कुठं आहे?”

“बरोबर बोलतात मास्तर,” रामदेभाई म्हणाला. “लिहा तुम्ही. मी आत्ता रिक्षा धाडतो बेनला आणायला.”

खडू फळ्याला टेकला. एक पांढरा ठिपका उमटला. मी काव्याचा पेला हातात धरून त्या ठिपक्याकडे बघत राहिलो. मग प्राणभाईंनी अंगठ्यानं तो ठिपका पुसला आणि खडू खिशात टाकला.

“पक्षी तोच कशावरून?” ते म्हणाले.

इतक्या वर्षांत मी त्यांच्यावर कधी चिडलो नव्हतो. सकाळची चूक माझी होती, तरीही चिडलो. “पक्षी राहू द्या हो! फळाही राहू द्या. त्या दिवशी भाभींना खरंच पाणचिरा दिसला होता, यावर निदान आता तरी तुमचा विश्वास बसला की नाही?”

प्राणभाई बोटांवरची खडूची भुकटी मफलरला पुसत होते. निघून गेली तरी पुसत होते.

“विश्वास तेव्हाही होता.”