बाहेर बसलेला गडी

‘मेलेल्या मानसानं बोलू नाई बाप्पा. गुपचाप बसाव.’

नवखा माणूस हे ऐकून दचकायचा. आम्ही हसायचो. हुतूतूच्या मैदानावर आमच्या कप्तानाच्या तोंडी हे वाक्य उठताबसता असे. आमच्याकडे गडी कधी ‘बाद’ झाला नाही, तो मरायचा. आणि मेलेल्यांनी रेघेबाहेरच्या मातीत एकामागे एक बसायचं, ज्या क्रमानं मेले त्या क्रमानं. हसायचं नाही, आतल्याला काही सुचवायचं नाही, तोंड उघडायचंच नाही. दुसऱ्या संघांचे मेलेले गडी बाहेरून बोंबलत असत, त्याला तो बेइमानी म्हणायचा.

अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी काटाबाबू होतो, म्हणजे कापसाच्या गाड्या तोलून घेणारा. तो तिथंच कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसवर फिटर. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल, ज्याचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येतं. चौकीदारापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्याला कप्तान म्हणत, त्याची बायकोसुद्धा. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. आता नाव सांगून तरी काय करायचं?

अंगानं बेताचाच होता. मान आखूड, पंजे मात्र फावड्याएवढे. घाईशी त्याचं हाडवैर. चढाईला निघण्याआधी मधल्या रेघेपाशी उभा राहून तो तळव्यांना माती चोळायचा, चड्डीची नाडी सोडून पुन्हा बांधायचा, वर सूर्याकडे बघायचा. समोरचे पोट्टे ओरडायचे, ‘ये ना बे, काहून थांबून रायला?’ हा शांतपणे म्हणायचा, ‘येतो ना राजा. घाई हाये का कोनाले?’

तशी ती कोणालाच नसायची. जुन्या खेळाला घड्याळच नव्हतं. एका बाजूचे सगळे गडी मरेपर्यंत डाव चालायचा, आणि एकदा मेलेला तोवर बाहेर. सकाळी सामना बघायला बसावं, मध्ये घरी जाऊन जेवून यावं, परत यावं तर तेच गडी आणि तोच डाव.

एकदा मॅनेजर स्वतः मैदानावर आले. गोडाऊनची किल्ली कुठं आहे, हे आमच्या स्टोअरकीपरला विचारायचं होतं. स्टोअरकीपर नुकताच मेला होता. मॅनेजर विचारताहेत आणि हा मान खाली घालून मुका. साहेबांचा आवाज चढला तसा कप्तान खेळ थांबवून रेघेपाशी आला आणि हात जोडून म्हणाला, ‘साहेब, थो मेला हाये. डाव होऊ द्या, मंग इचारा.’ मॅनेजर पानाची पिंक टाकून निघून गेले. त्या दिवशी गोडाऊन काही उघडलं नाही. कित्येक वर्षं आम्ही ही गोष्ट पाहुण्यांना सांगून हसवलं.

गुलाब मेला तेव्हापासून ती सांगणं बंद झालं.

गुलाब आमचा डाव्या कोपऱ्यातला गडी. फॅक्टरीत गाठी बांधायचा. किडकिडीत होता, पण चढाईवाल्याचा पाय धरला की सोडत नसे. छप्पन साली त्याची आई त्याला घेऊन नागपूरला गेली आणि दोघं दीक्षा घेऊन आली. त्याचा बाप लहानपणीच गेलेला, त्या माउलीला हा एकटाच. कप्तानाचा त्याच्यावर फार जीव. डबा सोडला की आधी त्याच्यापुढे सरकवायचा.

तो सामना उन्हाळ्यातला, आमच्याच मैदानावरचा. सकाळी सुरू झाला आणि रखडत रखडत दुपारवर गेला. अकोल्याचं ऊन काय असतं, ते मी वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायला नको. गुलाब सगळ्यांत आधी मेला होता, त्यामुळे ओळीत सगळ्यांत पुढे, सावलीपासून लांब बसला होता. कप्तान चढाईला निघणार, तळव्यांना माती चोळतोय, तेवढ्यात मागून गुलाबचा आवाज आला, ‘कप्तान...’

मागं वळूनही न पाहता तो म्हणाला, ‘मेलेल्या मानसानं बोलू नाई बाप्पा. गुपचाप बसाव.’

मैदान हसलं. गुलाब गप्प बसला. पुढं बराच वेळ खेळ चालला. गुडघ्यात डोकं घालून बसलाय, झोप लागली असेल, असंच सगळ्यांना वाटलं. एक चढाई संपवून परत येताना कप्तान त्याला हलवायला गेला. त्यानं खांद्याला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. मी जवळच उभा होतो. ‘बाबूजी, पोट्टं भाजून रायलं हो,’ तो म्हणाला. बैलगाडीतून दवाखान्यात नेईपर्यंत गुलाब गेला होता. दोन्ही संघ मैदान सोडून धावले होते. तो डाव तसाच अर्ध्यात राहिला.

कप्तान रडला नाही. तो फक्त विचारत सुटला, ‘थो काय सांगून रायला होता?’ काट्यावर येऊन मला विचारी, चौकीदाराला विचारी, त्या दिवशीच्या एकेका गड्याला गाठून विचारी. ‘कप्तान’ यापलीकडे कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं. आम्ही समजूत घालायचो, अहो, पाणी मागत असेल, दुसरं काय? तो मान हलवायचा. ‘पानी मांगाचं तं पानी म्हनला असता. थ्याले मले काईतरी सांगाचं होतं.’ प्रेसच्या खडखडाटात कोणी ‘कप्तान’ अशी हाक मारली की हातातला पान्हा टाकून तो मागं वळायचा. पुष्कळदा हाक कोणी मारलेलीच नसायची.

तो मला बरोबर घेऊन गुलाबच्या आईकडे गेला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मेणबत्ती. घरात दुसरं काही नाही. यानं विचारलं, ‘माय, तुमी गुलाबले ताट ठेवलं का? कावळ्याले घास?’

ती म्हणाली, ‘आमी आता थे मानत नाई बाप्पा. भूत नाई, पितर नाई.’

‘मंग थो बोलन कसा?’

बाई रागावेल असं मला वाटलं. पण ती त्याच्याजवळ येऊन बसली. ‘तुमच्या खेळात मानूस मरते अन् उठते. माह्या घरात थो एकडाव मेला. तू घरी जाय. जेव. झोप.’

त्यानं यातलं काही धड केलं नसावं. पुढच्या हंगामापर्यंत तो निम्मा राहिला.

त्या हंगामात नवे नियम आले. खेळ फार रेंगाळतो, लोक उठून जातात, म्हणून तो वेगवान करायचा असं वरच्यांनी ठरवलं होतं. प्रेसच्या ओसरीवर सगळ्यांना बसवून मी ते वाचून दाखवले. दोन डाव, मध्ये थोडी विश्रांती. वेळ संपल्याची शिट्टी झाली की खेळ खलास, मग कोण मेलं आणि कोण राहिलं ते बघायचं नाही. चढाईला उगाच वेळ काढायचा नाही, पंच मोजायला लागला की निघायचं. ‘हुतूतू’ नाही, ‘कबड्डी’ म्हणायचं. आणि मेलेला आता डावभर बसून राहणार नाही. समोरचा एक मारला की आपला एक जिवंत. ज्या क्रमानं मेले त्याच क्रमानं उठवायचे.

‘खेळ हाये का मोटारस्टँड?’ कोणीतरी म्हणालं. सगळे कुरकुरले. सगळ्यांत जास्त भडकायला पाहिजे होता तो कप्तान. तो मात्र पुढं सरकून म्हणाला, ‘शेवटचं वाचा बरं पुन्यांदा.’

मी वाचलं.

‘म्हंजे जो पह्यले मेला थो पह्यले उठन?’

‘हो.’

‘मंग गुलाब पह्यला.’

एकजण हसायला गेला आणि मध्येच थांबला. मी समजावलं की कप्तान, हे चालू सामन्यापुरतं असतं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू चूक मीच करतोय. ‘थो डाव कोनी जितला, सांगा बाबूजी. संपला कुठी थो?’ मी नियमांचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

अमरावतीला सामने होते. नियम मुळापासून वाचलेला दुसरा माणूस मिळेना, म्हणून आमच्याच फॅक्टरीचा असूनही मला ओळीवर बसवलं. मेलेल्यांना क्रमानं बसवायचं आणि क्रमानं आत पाठवायचं, एवढंच माझं काम. कप्तानाचा तो शेवटचा सामना. त्यानंतर तो मैदानाकडे फिरकला नाही.

समोर धामणगावचा संघ होता. कप्तानानं सहाच गडी उतरवले. मुख्य पंचांनी विचारलं, ‘सातवा?’ हा म्हणाला, ‘बाहीर बसला हाये.’ कमी गड्यांनी खेळायचं तर खेळा बापडे, म्हणून पंचांनी शिट्टी दिली. मी माझ्या ओळीकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. एक कुत्रं रेघेच्या कडेनं येत होतं, ते ओळीतल्या पहिल्या जागेपाशी थबकलं आणि वळसा घालून गेलं. कुत्री कशालाही वळसा घालतात, असं मी मनाशी म्हटलं.

पहिल्याच चढाईत कप्तानानं एक मारला. माती नाही, नाडी नाही, सरळ गेला आणि मारून आला. परत येऊन माझ्यासमोर उभा राहिला. ‘बाबूजी, आमचा एक जित्ता करा.’

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण त्या चेहऱ्याला नाही म्हणणं मला जमलं नाही. मी रिकाम्या जागेकडे वळलो आणि आत जायची खूण केली. आमच्या पोरांनी एकमेकांकडे न बघता डावा कोपरा सोडून फळी धरली.

दुसरा डाव संपत आला होता आणि माझी ओळ रिकामी होती, तेव्हा धामणगावचा धिप्पाड गडी चढाईला आला. धान्यबाजारात हमाली करणारा होता, आमच्यापैकी कोणाला ओळखतही नव्हता. ‘कबड्डी कबड्डी’ करत तो उजवीकडे गेला, परत फिरला, अन् एकदम डाव्या कोपऱ्यात हात मारून रेघेकडे पळत सुटला. ‘कोपऱ्यातला मारला!’

मुख्य पंच म्हणाले, ‘अरे, तिथं आहे कोण?’

‘असं कसं? हात लागला ना माहा थ्याच्या खांद्याले!’ मग आपला तळवा त्यानं चड्डीला पुसला, पुन्हा पुसला, आणि हळू आवाजात म्हणाला, ‘लय तापेल होता हो.’ तो मागं वळला. कोपरा रिकामा होता. पुढं तो खेळला, पण त्या बाजूला फिरकला नाही.

पंच गुण द्यायला तयार नव्हते. कप्तानानंच हात वर केला. ‘लागला. खरं हाये. आमचा मेला.’

मी ओळीतली पहिली जागा मोकळी ठेवली. लगेचच्या चढाईत कप्तानाला धामणगावनं धरून दाबला आणि तोही बाहेर आला. दुसरा मेला म्हणून दुसऱ्या जागेवर बसला. ऊन उतरतीला लागलं होतं, तरी माती तापलेलीच होती. बसल्या बसल्या तो पुढं झुकला, पुढच्या माणसाच्या तोंडाशी कान न्यावा इतका. त्याच्या कानाच्या आणि उन्हाच्या मध्ये मला काही दिसत नव्हतं.

इतक्यात आमच्या पोरांनी समोरचा एक मारला. पहिल्या जागेवरचा उठवायची वेळ आली. मी खूण करायला हात वर केला तर त्यानं माझा हात धरला. ‘थांबा. थो बोलून रायला.’

मी थांबलो. आतून पोरं ओरडत होती, पंच ओरडत होते, आणि हा डोळे मिटून हूं, हूं करत होता. त्याच्या अंगावर शहारा आलेला मला स्वच्छ दिसत होता. माझ्याही आला. मग वेळ संपल्याची लांब शिट्टी झाली. धामणगाव जिंकलं. लोक उठून धुळीतून वाटेला लागले. हा जागचा हलला नाही.

मला राहवलं नाही. ‘कप्तान, काय म्हने थो?’

त्यानं डोळे उघडले. गुलाब गेल्यापासून पहिल्यांदा त्यांत पाणी होतं. ‘म्हने, अजून किती येळ हाये?’

त्या दिवशी हेच विचारलं असेल पोरानं, आणि सांगणार तरी कोण होतं? जुन्या खेळाला ठरलेली वेळच नव्हती.

‘अन् तुमी काय सांगतलं?’

‘डाव झाला म्हटलं. शिट्टी झाली. चाल आता घरी.’

तो उठला, पाय रोवून उभा राहिला, आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे हात पुढं केला, बसलेल्याला उठवताना करतो तसा. मग त्यानं ओढलं. मी हातभर अंतरावर होतो. त्याच्या दंडाची शीर टरारून फुगली होती.